बोटातला मासा, गळ्यातला क्रूस

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागले की उजव्या हाताला समुद्रात शिरलेली कोर्लईची सोंड दिसते. माथ्यावर किल्ला, पायथ्याशी गाव, गावात माउंट कार्मेल माउलीचे चर्च. इथली ख्रिस्ती मंडळी आपसात पोर्तुगीज आणि मराठीच्या शेजारातून घडलेली बोली बोलतात. तिला ती 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म कधी आला असे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: फिरंग्यांबरोबर, सोळाव्या शतकात. पुरावा म्हणून रेवदंड्याच्या कोटातल्या पडक्या चर्चांकडे बोट दाखवले जाते आणि वर पुस्ती जोडली जाते, की त्याआधी इथे ख्रिस्ती असते तर चौलच्या मातीत एखादा तरी क्रूस सापडला असता. वरवर बिनतोड वाटणारा हा हिशेब मुळात एका चुकीच्या समजुतीवर उभा आहे. ख्रिस्ती म्हटला की गळ्यात क्रूस असणारच, ही ती समजूत. प्रत्यक्षात पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात क्रूस शोधणे म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समकालीनाच्या हातात छापील पोथी शोधण्यासारखे आहे. भक्तीचा दागिना माणसाचा धर्म सांगतो खरा, पण तो कोणत्या काळी, कोणत्या मातीत आणि कोणाच्या अंगावर होता हे कळल्यावरच.

मग ते लोक घालत काय? याचे सर्वांत सरळ उत्तर इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियातल्या क्लेमेंट नावाच्या धर्मशिक्षकाने देऊन ठेवले आहे. ख्रिस्ती माणसाने खावे-प्यावे काय, ल्यावे-नेसावे काय, यावर त्याने 'पेडागोगस' हा ग्रंथ लिहिला. दागिन्यांच्या हौसेवर तो त्यात चांगलाच बरसतो, पण एका अंगठीला मुभा देतो, कारण ती शोभेची नसून कामाची आहे. पत्रावर, करारावर, घरातल्या कोठीवर मेण किंवा ओली माती थापायची आणि अंगठीतला कोरीव खडा तिच्यावर दाबायचा, की झाली मोहोर. घरचे सामान सांभाळणाऱ्या बाईलाही अशी अंगठी लागणार, हे क्लेमेंटला मान्य आहे. आता खड्यावर कोरायचे काय, याची तो यादीच देतो: कबुतर, मासा, वाऱ्यावर निघालेले जहाज, वीणेच्या जातीचे तंतुवाद्य, नांगर. देवदेवतांचे मुखवटे नकोत, तलवार-धनुष्य नको, मद्याचे पेले नकोत. कोळ्याचे चित्र असेल तर त्यावरून प्रेषिताची आणि पाण्यातून वर काढलेल्या बालकांची आठवण व्हावी, असेही तो सुचवतो. यादी बारकाईने वाचली तरी तिच्यात क्रूस नाही. शिवाय ही चित्रे त्याने नवी काढायला लावलेली नाहीत. मासा, नांगर, जहाज हा बाजारातल्या खडे कोरणाऱ्यांचा नेहमीचाच माल होता. क्लेमेंट सांगतो ते एवढेच, की त्यातले आपल्याला चालेल ते निवडा.

अलेक्झांड्रियाचे हे बोल चौलच्या कानाला फार परके नव्हते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या नाविकांच्या वाटाड्यात चौल 'सेमिल्ला' म्हणून येते, टॉलेमीच्या भूगोलात 'सिमिल्ला' म्हणून, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत 'चेमूल' म्हणून. तांबड्या समुद्रातून या किनाऱ्याचा माल मिसरला जाई आणि अलेक्झांड्रियाच्या पेठेतून पुढे रोमकडे. क्लेमेंटचा गुरू पँटेनस भारतापर्यंत जाऊन आला, असे आपण ऐकल्याचे चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस नोंदवतो; स्वतः क्लेमेंटच्या लिखाणात तर बुद्धाचे नाव आहे. यावरून पँटेनस चौललाच उतरला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ज्या शहरात ख्रिस्ती अंगठीवर काय असावे याची चर्चा चालली होती, ते शहर या किनाऱ्याच्या व्यापारी वाटेवर होते, एवढे निर्विवाद.

क्रूस का नव्हता, यावर एक लोकप्रिय खुलासा आहे: छळाची भीती. ख्रिस्ती लोक लपून राहत, म्हणून क्रूसाऐवजी माशाची सांकेतिक खूण वापरत. हा खुलासा कादंबरीला शोभतो, पुराव्याला पुरत नाही. छळ अधूनमधून आणि ठिकठिकाणी होई, पण क्लेमेंट आपली यादी उघड ग्रंथात लिहितो, कानात सांगत नाही. खरे कारण क्रूसाच्या तेव्हाच्या अर्थात आहे. रोमन राज्यात क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारण्याचे साधन. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर ओरखडलेले एक चित्र मिळाले. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उंचावलेला एक भक्त, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे अशा आशयाची ओळ. ख्रिस्ती माणसाची ही टर होती, आणि त्या समाजाला ती लगेच कळत होती. अशी वस्तू सोन्यात घडवून मिरवावी असे कुणाला वाटेल? तरी क्रूस त्यांच्या आयुष्यात नव्हता असेही नाही. क्लेमेंटचाच समकालीन, कार्थेजचा टर्टुलियन सांगतो, की घरातून निघताना, वहाणा घालताना, जेवायला बसताना, दिवा लावताना ख्रिस्ती लोक कपाळावर बोटाने क्रूसाची खूण करतात. म्हणजे क्रूस आधी हातवाऱ्यात होता आणि दागिन्यात नंतर उतरला. हातवारा मातीत पुरला जात नाही. उत्खननात तो सापडणार कसा?

दागिन्यातला बदल चौथ्या शतकात दिसू लागतो. काळ्या समुद्राकाठच्या कोन्स्टांत्सा येथे मिळालेला एक लालसर अकीक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खडा बोटाच्या पेराएवढाही नाही. मध्ये क्रूसावरचा येशू, दोन्ही बाजूंना बारा प्रेषित, आणि वर ग्रीक अक्षरांत 'मासा' हा शब्द. ग्रीकमध्ये 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या शब्दांची आद्याक्षरे जुळवली की माशाचे नाव तयार होते. जुनी खूण आणि नवी खूण एकाच खड्यावर शेजारी उभ्या आहेत. त्याच शतकातली दुसरी साक्ष आणखी जवळची वाटते. ३७९ च्या सुमारास कॅपाडोशियात मॅक्रीना ही तपस्विनी वारली. तिचा भाऊ, निस्साचा बिशप ग्रेगरी, याने तिचे चरित्र लिहिले आहे. शव सजवताना तिच्या सोबतीणीला गळ्यातल्या दोरीला बांधलेला एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी सापडली. दोन्ही छातीवर, कपड्यांच्या आत. अंगठीच्या खड्याची जागा पोकळ होती, वर क्रूस कोरलेला, आणि पोकळीत ज्यावर येशूला खिळले त्या लाकडाचा तुकडा असल्याची श्रद्धा. भावाने अंगठी स्वतःकडे ठेवली आणि क्रूस त्या सोबतीणीला दिला. सोन्याचा गुंजभरही अंश नसलेला हा दागिना मिरवण्यासाठी नव्हता. तो असल्याचे जवळच्यांनाही मरणानंतरच कळले. मराठी वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायची गरज नाही. चांदीच्या करंड्यात इष्टलिंग घालून ते छातीशी बाळगणारे लिंगायत, तुळशीची माळ घातल्यावर ती मरेपर्यंत न उतरवणारे वारकरी, कापडात किंवा पत्र्यात मढवलेला ताईत हे सगळे आपल्या घरचे आहे.

ताईत हा शब्द आला की धर्मगुरूंच्या कपाळावरची आठीही आलीच. आद्य ख्रिस्ती धर्म साधेपणाचा होता, पीटर आणि तिमथीच्या पत्रांत सोन्यामोत्यांच्या शृंगाराला नाव ठेवले आहे, तेव्हा भक्तीचे दागिने ही पुढच्या लोकांनी आणलेली भेसळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा. उपदेश आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी, आणि मनाईचा जोर पाहिला की वापर किती होता याचा अंदाज येतो. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने पुरोहितांनीच ताईत बनवू नयेत असा नियम केला. म्हणजे ते बनवत होते. जॉन क्रिसोस्टोम हा गाजलेला प्रवचनकार, डोक्याला आणि पायांना शिकंदराची नाणी बांधणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर तोंडसुख घेतो. शिकंदर ख्रिस्ताच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी मेला. त्याच्या नाण्यात ख्रिस्ती असे काहीच नाही. तरी ते बांधणारा माणूस ख्रिस्ती होता. हा दाखला माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे, कारण त्यातून दिसते की माणसाचा धर्म आणि अंगावरच्या वस्तूचा धर्म एकच असेल याची हमी नाही. याची उलट बाजू पाहायला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे. सातवाहन काळातल्या या पेठेत रोमन नाण्यांच्या नकला करून मातीच्या पदकांना कडी लावून ती गळ्यात घालत. रोमच्या सम्राटाचा चेहरा छातीवर वागवणारा तेरचा माणूस रोमन नव्हता, सम्राटाचा भक्त तर नव्हताच. त्याला ते पदक ऐटदार वाटले, किंवा शुभ वाटले.

आता हे सारे गाठीशी बांधून पुन्हा किनाऱ्यावर येऊ. सहाव्या शतकात कोस्मास या अलेक्झांड्रियाच्या माणसाने, जो आधी व्यापारी होता, 'कॅलियाना'त ख्रिस्ती लोक आहेत आणि तिथला बिशप इराणातून नेमला जातो असे लिहून ठेवले आहे. कॅलियाना म्हणजे कल्याण असे मानले जाते. त्याने दिलेल्या बंदरांच्या यादीत कॅलियानानंतर 'सिबोर' येते, आणि अनेक अभ्यासक ते चौल समजतात. त्यानंतर १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्यामागून आलेल्या ओडोरिकने ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे सांगितले आहे. म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी उत्तर कोकणात ख्रिस्ती होते, आणि ते रोमच्या नव्हे तर इराणच्या धर्मपीठाशी बांधलेले होते. मग त्यांच्या दागिन्यांचा नमुनाही इराणचाच धरायला हवा. सासानी इराणातल्या ख्रिस्त्यांच्या मोहोरा युरोपातल्या संग्रहालयांत आहेत: अकीक किंवा तशाच जातीचा घुमटाकार दगड, आरपार भोक, सपाट बाजूवर कोरीव काम. कुठे साधा क्रूस, कुठे अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघालेला, कुठे सिंहांच्या मधोमध उभा दानियेल, कुठे कडेने पहलवी अक्षरे. चौल-कल्याणच्या ख्रिस्त्याची खूण सापडलीच तर ती बहुधा अशी, अंगठ्याच्या नखाएवढा भोक असलेला दगड म्हणून सापडेल. आणि दख्खनच्या कातळात अकीक मुबलक, त्यामुळे मण्यांच्या ढिगात असा दगड मणी म्हणून सहज खपून जाईल.

यावर कुणी म्हणेल, की इराणी ख्रिस्ती तर क्रूस कोरत होते. २००१ साली गोव्यात जुवारीच्या काठी आगशी येथे पहलवी लेख असलेला दगडी क्रूस मिळाला, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि केरळात कोट्टायमला तसेच क्रूस आहेत, मग रायगडच्या किनाऱ्यावर का नाही? प्रश्न रास्त आहे. पण दगडी क्रूस हे प्रार्थनामंदिराचे अंग आहे. त्याला जागा लागते, मंडळी लागते, खर्च लागतो. पंधरा घरांच्या वस्तीकडून त्याची अपेक्षा धरता येत नाही. अंगावरची वस्तू त्याहून वेगळी. ती माणसाबरोबर बंदरोबंदर फिरते, गहाण पडते, वितळते, मुलीच्या लग्नात मोडून नवी घडते. सोने तर सहसा मरत नाही, फक्त रूप बदलते. म्हणून दागिना सापडला नाही यावरून माणूस नव्हता असा निष्कर्ष निघत नाही. मात्र हे शस्त्र दुधारी आहे, आणि ज्यांना या किनाऱ्यावर जुने ख्रिस्ती हवेच आहेत त्यांनाही ते कापते. उद्या चौलच्या वाडीत मासा कोरलेली अंगठी मिळाली तर ती ख्रिस्त्याची म्हणायची का? मुळीच नाही. हा कोळ्यांचा किनारा. मासा इथे पोटापाण्याचा धनी आहे. मत्स्य हा विष्णूचा अवतार आहे. जैनांच्या अष्टमंगलांत माशांची जोडी आहे. आणि लग्न झालेल्या बाईच्या पायाच्या बोटात जोडव्यांबरोबर मासोळी असते. नांगर आणि जहाज तर प्रत्येक बंदराच्या घरचे. रोममध्ये जी खूण ख्रिस्ती ठरू शकते ती चौलला नुसती समुद्रकाठची ठरते.

पोर्तुगीज आल्यावर चित्र बदलते, कारण आता कागद बोलू लागतात. १५२१ मध्ये त्यांनी निजामशहाच्या परवानगीने चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, कोट बांधायला घेतला. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर जिंकला. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा पंथांनी कोटात मठ-चर्चे उभारली, आणि त्यांच्याबरोबर आल्या अंगावर वागवायच्या तीन वस्तू. पहिली क्रूस, हा शब्दच पोर्तुगीजातून मराठीत आला. दुसरी रोझरी, दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची माळ. १०८ मण्यांची जपमाळ आणि ९९ मण्यांची तसबीह ओळखणाऱ्या किनाऱ्याला तिचा वापर शिकवावा लागला नसेल. तिसरी कार्मेल माउलीची खास वस्तू, स्कॅप्युलर: तपकिरी लोकरी कापडाचे दोन लहान तुकडे दोन दोऱ्यांनी जोडलेले, एक छातीवर, एक पाठीवर. कार्मेलाइट साधूंच्या झग्याची ही छोटी प्रतिकृती. पोर्तुगीजात तिला 'बेंतिन्यू' म्हणतात. भक्ताने साधूचा वेष प्रतीकरूपाने पांघरायचा, अशी त्यामागची कल्पना. हे कापड घामाने आणि दमट हवेने कुजते. १९१० मध्ये पोप दहावा पायस यांनी त्याऐवजी धातूचे पदक वापरायला मुभा दिली. एका बाजूला येशूचे पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला मरिया असावी एवढी अट. हवामानामुळे कापडाचा दागिना झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

तरी हे सारे परदेशी साच्यातले होते असे समजायचे कारण नाही. सोळाव्या शतकात गोव्याच्या सत्तेने हुकूम काढले, की ख्रिस्ती मूर्ती, क्रूस वगैरे अख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत. हुकूम काढावे लागले, याचा अर्थ काम त्यांच्याचकडे जात होते. सोनार हा धर्मांतराने रातोरात तयार होत नाही. ज्याची भट्टी पिढ्यानपिढ्या पेटलेली आहे त्याच्याकडेच गिऱ्हाईक जाते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या चेमूलकरांत एक 'हेरणिक', म्हणजे सोनार किंवा खजिनदार, आहे. या किनाऱ्याचा सोन्याशी संबंध इतका जुना. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती वधूच्या गळ्यातले 'मिन्नू' पाहा: पानाच्या आकाराचे इवलेसे सोन्याचे ताली, त्यावर सोन्याच्या बारीक दाण्यांचा क्रूस, आणि ते ओवायचे तिच्या लग्नाच्या साडीतून काढलेल्या सात धाग्यांत. ताली शेजारच्या हिंदू घरासारखी, दाणे सोनाराचे, खूण चर्चची. क्लेमेंटच्या अंगठीची रीत इथेही तीच: दागिना बाजारातला, अर्थ घालणाऱ्याचा. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. सधन मंडळी निघून गेली, गरीब ख्रिस्ती मागे राहिले. सत्ता गेली, तरी भाषा आणि प्रार्थना मागे राहिल्या. ज्यांची बोली अर्धी मराठी रीतीने चालते, त्यांच्या गळ्यातल्या क्रूसाला आज परका म्हणणे हा मासोळीला ख्रिस्ती म्हणण्याइतकाच उथळ तर्क आहे.

तेव्हा दोन्ही प्रश्नांना दागिना एकट्याने उत्तर देऊ शकत नाही. तो नाही म्हणून ख्रिस्ती नव्हते असे म्हणता येत नाही, आणि तो आहे म्हणून माणूस बाहेरचा ठरत नाही. त्याला बोलते करते ती त्याच्याभोवतीची माती: कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर, कोणाच्या हाडांजवळ तो पडला होता. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलला केलेल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले, ते अशाच थर वाचण्याच्या शिस्तीतून. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आळी खणताना, विहीर उपसताना, पाया काढताना आजही जुने काही हाती लागू शकते. असा कोरलेला खडा, भोक असलेला दगड, कडी लावलेले पदक दिसले तर ते घासूनपुसून सोनाराच्या काट्यावर नेऊ नका; सोनार वजन सांगेल, काळ सांगणार नाही. जागेचा फोटो काढा, माती तशीच राहू द्या आणि कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे, हा कायदा १८७८ पासून देशात आहे, आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय अलिबागला, चौलपासून तासाभराच्याही आत आहे.